वाजवू, पण आमच्या अटींवर

बिनवाजंत्रीचं लग्न ह्या देशात होत नाही. आणि वाजंत्र्याला लग्नाच्या पंगतीत कुणी बसवत नाही. ह्या दोन गोष्टींच्या मधे जी चिंचोळी जागा उरते तिथं आम्ही उभे आहोत. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि पायात फाटकी स्लीपर.

मी क्लॅरिनेट वाजवतो. सराईत बँड, सराई संपली की रंगकाम, हमाली, मिळेल ते. आणि रात्री हा अंक. आमच्यातल्या काही मित्रांना हे खटकतं. त्यांचं म्हणणं, चळवळीच्या माणसानं पाटलाच्या दारात फुंकू नये. बाबासाहेबांनी गावकीची कामं टाकायला सांगितली, तुम्ही अजून कवटाळून बसलात. एका शिबिरात तर एका पोरानं उभं राहून सरळ विचारलं, "दिवसा विद्रोह आणि रात्री बँड, हे कसं काय जमतं?" सवाल रोखठोक आहे. असल्या सवालाला कविता वाचून उत्तर देता येत नाही. म्हणून ह्या अंकाचं संपादकीय त्याच्यावरच खर्ची घालतोय.

आधी इतिहास बघू. १९२८ सालच्या जानेवारीत टाइम्स ऑफ इंडियात एक बातमी आली होती. इंदूरकडच्या कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आणखी पंधराएक गावांतल्या सवर्णांनी तिथल्या बलाई ह्या अस्पृश्य जातीला हुकूम काढला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं जे भाषण होऊ दिलं नाही, त्या १९३६ सालच्या भाषणात बाबासाहेबांनी तो हुकूम कलमवार दिलेला आहे. बलायांनी जरीकाठी पागोटं बांधायचं नाही. रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. हिंदूच्या घरी कुणी मेलं की सांगावा घेऊन पळायचं. हिंदूच्या लग्नात वरातीपुढं वाजवायचं. आणि ह्या सगळ्याची मजुरी मागायची नाही, देतील ते घ्यायचं. हे कबूल नसेल त्यानं गाव सोडायचं. बलायांनी नाही म्हटलं. तर त्यांना विहिरी बंद झाल्या, गुरं चरायला बंद झाली, स्वतःच्या शेतात जायच्या वाटा बंद झाल्या. दरबारात अर्ज केले, वेळेवर दाद लागली नाही. शेकडो माणसं बायकापोरांसकट गावं सोडून परागंदा झाली.

हा हुकूम नीट वाचा दोस्तहो. त्यात वाजवणं आहे. पण ते एकटं नाही. त्याच्या एका बाजूला सक्ती आहे, दुसऱ्या बाजूला फुकटेगिरी आहे, आणि वरून तू नटायचं नाहीस ही तंबी आहे. गुलामी वाद्यात नव्हती. ती ह्या तीन गोष्टींत होती.

आपल्याकडंही तेच होतं. हलगी, सनई, सूर, डफडं, कैताळ. गावात जत्रा असो, बैलपोळा असो, लगीन असो नाही तर मयत, वस्तीवर निरोप यायचा. निरोप कसला, हाळी यायची. पावसाळा असो नाही तर घरात पोर तापानं फणफणलेलं असो, जावं लागायचं. बदल्यात सुगीला चार पायली धान्य आणि शिळं कालवण. ह्यालाच ते बलुतं म्हणायचे आणि पुस्तकांत त्याला 'ग्रामजीवनातील परस्परसहकार्य' असं छापायचे. ह्या सहकार्यात एकानं कायम मागायचं आणि दुसऱ्यानं कायम टाकायचं.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका, मेल्या जनावराचं मांस खाऊ नका, उष्टं मागू नका म्हणून सांगितलं. १९५६ साली लोक बौद्ध झाले. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं रद्द झाली. महारवाड्यांनी गावकीची कामं टाकली आणि कितीतरी गावांत वाजवणंही टाकलं. त्याची किंमत मोजली. बहिष्कार सोसले, पाण्यावाचून दिवस काढले, मार खाल्ला. तो त्या काळातला संप होता. देशातल्या मोठ्यातल्या मोठ्या संपांत त्याची गणना व्हायला पाहिजे. ती होत नाही, कारण तो गिरणीत झाला नाही, गावात झाला.

मांगवाड्यात काय झालं? आमच्याकडं दोन कसब होती. दोर वळणं आणि वाजवणं. केकताडाच्या वाकापासून आमच्या आज्यांनी नाडे वळले, चऱ्हाटं वळली, कासरे वळले. बाजारात नायलॉनचा दोर आला, ट्रॅक्टरनं बैल घालवले, कासऱ्याचं काम संपलं. जमिनीचा तुकडा बहुतेकांकडं नव्हताच. राहिलं काय? वाजवणं. म्हणून आम्ही वाजवतो. आम्हाला गुलामी गोड लागते म्हणून नाही. बौद्ध वस्तीतला मित्र जेव्हा म्हणतो, 'आम्ही सोडलं, तुम्ही का सोडत नाही', तेव्हा त्यानं हा हिशेबही मांडावा. आणि आमच्यातला कुणी म्हणत असेल की त्यांनी सोडलं म्हणून आपल्याला जास्त सुपाऱ्या मिळाल्या, तर त्यानंही लाज बाळगावी. दुसऱ्याच्या संपावर आपली चूल पेटवायची नसते.

मग हलगीचा बँड झाला. गोऱ्याच्या पलटणीबरोबर पितळी वाजंत्री आली. कवायतीला वाजायची ती हळूहळू संस्थानिकांच्या दारात आली आणि तिथून लग्नाच्या मांडवात. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साईड ड्रम, झांज. ही वाद्यं मेरठच्या जली कोठीत बनतात, तिथून देशभर जातात. आमच्या बापजाद्यांनी नोटेशन न शिकता, शाळेत न जाता, नुसत्या कानावर ही वाद्यं काबीज केली. सिनेमा बघून यायचं आणि सकाळी पीस बसवायचा. वहीत सारेगम मोडीतोडीच्या अक्षरात लिहून घ्यायची. हे शिक्षण कुठल्या विद्यापीठात दिलं जात नाही आणि कुठलं विद्यापीठ त्याचं प्रमाणपत्र देत नाही. पुढं म्हातारपणी कलावंताच्या मानधनाचा अर्ज करायला गेलं की नेमका तोच कागद मागतात.

वाद्य बदललं, कपडा बदलला. हाक बदलली नाही. साठीच्या मास्तराला वीस वर्षांचं पोरगं म्हणतं, "ए बँडवाल्या, वाजव की रं!" १९२८ साली जरीकाठी पागोटं घालायला बंदी होती. आज जरीची टोपी घालायची सक्ती आहे. आणि वरात संपली की ती काढून मालकाच्या पेटीत ठेवायची. म्हणजे जर आजही आपली नाही.

आता पैशाचं बोलू. कारण पैशाचं बोललं की लोकांना कला आठवते. आमच्या पार्टीची सुपारी २०,००० ला ठरली असं धरा. मास्तराला १,०००. अकरा वाजवणारे, त्यांना ६०० प्रमाणे ६,६००. डोक्यावर बत्तीची झुंबरं घेऊन चालणाऱ्या सहा मावश्या, त्यांना २५० प्रमाणे १,५००. झाले ९,१००. उरलेले १०,९०० मालकाचे. त्यात टेम्पो, डिझेल, जनरेटर, ऑर्गन-स्पीकरची गाडी, ड्रेसची धुलाई आणि त्याचा नफा. मालकही पुष्कळदा आपल्यातलाच असतो, कर्जात असतो, हे मला माहीत आहे. पण त्यानं सराईच्या आधी दिलेली उचल आमच्या मानेवर असते. उचल घेतली की सराईभर दुसऱ्या पार्टीत जाता येत नाही. आजारी पडलं तरी नाही म्हणता येत नाही. पाटलाची सक्ती गेली, उचलीची आली.

आणि त्या मावश्या! अंधारात वरातीच्या दोन्ही अंगाला डोक्यावर ओझं घेऊन, वायरीनं एकमेकींना जोडलेल्या, जनरेटरच्या मागंपुढं ओढल्यासारख्या चालतात. सगळ्या वरातीवर उजेड त्यांचा, आणि फोटोत त्या कुठं नसतात. आपण स्त्रीमुक्तीवर परिसंवाद घेतो. ह्या बायांची मजुरी किती हे त्या परिसंवादात कधी निघालं का?

वर्षाचा हिशेब आणखी वेगळा. तुळशीचं लग्न झालं की धंदा सुरू, आषाढ लागला की बंद. चातुर्मासात मुहूर्त नाही. गुरूचा अस्त, शुक्राचा अस्त, मुहूर्त नाही. एका दिवशी पंचवीस लग्नं, मग पंधरा दिवस सुकाळ माशांचा. म्हणजे बघा, ज्या पंचांगानं आमच्या बापाला जन्मताच अपवित्र ठरवलं, त्याच पंचांगावर आमची चूल पेटते. बौद्ध लग्न रविवारी सोयीनं होतं, तिथं ग्रह आडवे येत नाहीत, म्हणून ती सुपारी आम्हाला हक्काची वाटते. त्यात सराई ऐन परीक्षेच्या दिवसांत. दहावीच्या बाकावर बसायच्या वेळी आमचं पोरगं मराकस हलवत वरातीत. हा खुळखुळा नाही, त्याच्या आयुष्याचा वाजलेला बोऱ्या आहे.

२०२० ची सराई टाळेबंदीनं गिळली. २५ मार्चला कुलूप लागलं ते ऐन मुहूर्तांवर. २०२१ च्या एप्रिलमधे राज्य सरकारनं हुकूम काढला की लग्न दोन तासांत उरका, माणसं फक्त पंचवीस. पंचवीसात भटजी बसतो, फोटोग्राफर बसतो. बँड कुठं बसणार? कितीतरी जणांनी ट्रम्पेट पितळेच्या भावानं मोडीत घातला. ज्यानं तोंडानं वाजवलं त्यालाच ठाऊक, स्वतःचा ओठ विकल्यासारखं वाटतं ते.

देहाचंही सांगतो. ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दोन दात गेले की त्याचा धंदा गेला. क्लॅरिनेटवाल्याचा खालचा ओठ आतून दातांनी चिरतो. साईड ड्रमवाला पन्नाशीत बहिरा होतो. गिरणीत बोट तुटलं तर निदान भरपाईचा कायदा आहे, हे कळतं तरी. इथं दात पडला तर मालक म्हणतो, 'मास्तर, आता झांज घ्या.'

आता त्या पोराच्या सवालाकडं वळतो. वाजवणं हे हलकं काम आहे का? पुण्याच्या गणपतीत जाऊन बघा. पांढरे झब्बे, डोक्याला फेटे, कमरेला ढोल. इंजिनिअर आहेत, डॉक्टर आहेत, कॉलेजातल्या पोरी आहेत. चांगली गोष्ट आहे. पण पेपरात त्यांच्यावर पुरवणी निघते आणि तिच्यात शब्द असतात परंपरा, शिस्त, ऊर्जा. तोच ताशा आमच्या गळ्यात आला की शब्द असतो बँडवाला. तोच ट्रम्पेट पोलीस बँडात वाजला की पगार, पेन्शन आणि २६ जानेवारीची सलामी. लग्नात वाजला की अंगावर फेकलेली दहाची नोट. चामडं तेच, पितळ तेच, सूर तेच. मग हलकं काय आहे? काम हलकं नाही. हलकी आहे ती नजर. आणि नजर बदलायची म्हणून कसब जाळून टाकायचं नसतं. अण्णाभाऊंनी डफ-तुणतुणं टाकलं नाही. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं आणि तीच वाद्यं गिरणगावात संपाच्या बाजूनं वाजवली. मालकाच्या दारातून वाद्य उचललं आणि कामगाराच्या मैदानात आणलं. वाद्य कुणासाठी आणि कुणाच्या अटीवर वाजतं, हा खरा सवाल आहे.

आणि वरातीचा सवाल. ज्या गावात मी तीन सराया वाजवलं त्याच गावात माझ्या मामेभावाची वरात मारुतीच्या देवळापुढं बंद करायला लावली. "वाजंत्री थांबवा, मग पुढं जा." ज्या ओठांनी त्यांची लग्नं लावली त्याच ओठांनी आपल्या भावासाठी वाजवायचं नाही. नवरदेवाला घोड्यावरून उतरवलं. आजच्या काळातली गोष्ट सांगतोय, पेशवाईतली नाही.

हे एका गावाचं नाही. २०१८ साली उत्तर प्रदेशात, कासगंज जिल्ह्यातल्या निजामपूरमधे एका जाटव नवरदेवाला ठाकुरांच्या वस्तीतून वरात न्यायची होती. त्यासाठी त्याला महिनोन्‌महिने प्रशासनाचे आणि हायकोर्टाचे उंबरे झिजवावे लागले. जुलैत वरात निघाली ती पोलीस बंदोबस्तात. १ जून २०२३ ला नांदेडजवळ बोंढार हवेलीत सवर्णांची वरात चालली होती, तलवारी नाचत होत्या, आणि त्याच दिवशी तिथं एका बौद्ध तरुणाचा भोसकून खून झाला. गावात भीमजयंती काढली ह्याचा तो राग होता, असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं आहे. त्यांच्या वरातीत तलवार चालते. आमच्या वरातीत क्लॅरिनेट चालत नाही.

कायदा काय म्हणतो? गंमत बघा. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात झेड-ए नावाचं पोटकलम आहे. लग्नाच्या वरातीत कुठलंही गाणं वाजवा, कुणाची परवानगी नको, पैसे नकोत. म्हणजे गाणं फुकट. आणि वाजवणारा जवळजवळ फुकट. दुसरं झेड-ए ॲट्रॉसिटी कायद्याच्या तिसऱ्या कलमात आहे. २०१५ च्या दुरुस्तीनं ते आलं आणि २०१६ च्या २६ जानेवारीपासून लागू झालं. दलिताला वरात काढायला, वरातीत घोड्यावर बसायला अडवणं हा त्यात गुन्हा आहे. पहिलं झेड-ए सगळ्या मंगल कार्यालयांत बिनबोभाट पाळलं जातं. दुसरं किती फौजदारांना पाठ आहे? तुमच्यापैकी किती जणांना होतं? आज पाठ करा. वहीत पीस उतरवतो तसं उतरवून घ्या.

आता थोडं आपल्या घरातलं. जयंतीला आपण काय करतो? वर्गणी काढून डॉल्बी आणतो. भिंती हादरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, आणि त्या डॉल्बीचा मालक बऱ्याचदा ज्याच्याशी आपलं भांडण आहे त्याचाच भाऊबंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर स्पीकर बंद. तेव्हा पोलीस येतात. डॉल्बीवाल्याला साहेब म्हणतात आणि आमच्या ड्रमवर काठी आपटतात. आपलेच कार्यकर्ते बँडवाल्याशी घासाघीस करतात, 'समाजाचं काम आहे मास्तर, कमी करा.' डॉल्बीवाल्याला हे म्हणायची छाती होत नाही. समाजाचं काम फक्त गरिबानं करायचं असतं का? जयंतीच्या मिरवणुकीत आपल्या बँडला पूर्ण पैसे मिळत नसतील तर पाटलाला शिव्या द्यायचा आपला अधिकार अर्धा होतो.

तर मित्रांनो, माझं उत्तर असं आहे. ज्याला दुसरं काम मिळेल त्यानं वाद्य खुशाल ठेवावं. पोराला तर शिकवावंच, परीक्षेच्या दिवसांत त्याला वरातीत उभं करणारा बाप आणि मालक दोघांनाही आपण जाब विचारू. पण जो वाजवतोय त्यानं मान खाली घालून वाजवू नये. आपल्या तालुक्यातल्या सगळ्या पार्ट्यांनी, मातंग असोत, होलार असोत, मुसलमान असोत, एकत्र बसून अटी ठरवाव्यात. सुपारी कागदावर, तास लिहून, निम्मे पैसे आधी. ठरल्या तासाच्या वर वाजवलं तर वरचे पैसे. जेवण पंगतीत, नाही तर जेवणाचे पैसे रोख. कुंपणाबाहेर पत्रावळ घेणार नाही. अरे-तुरे ऐकलं की पीस तिथंच थांबेल. नोट हातात द्या, जमिनीवर फेकली तर कुणी वाकणार नाही. बत्तीच्या मावशीला वाजवणाऱ्याइतकी मजुरी. उचलीचा हिशेब वहीत, दोघांच्या सहीनं. असंघटित कामगारांसाठी २००८ साली कायदा झाला, २०२१ च्या ऑगस्टमधे ई-श्रमची नोंदणी सुरू झाली. तिथं प्रत्येकानं आपलं नाव घालावं, धंदा वादक म्हणून सांगावा, मजूर म्हणून नको.

आणि शेवटची अट, सगळ्यात महत्त्वाची. ज्या गावात आपली वरात अडवली जाईल त्या गावात त्या सराईत एकाही लग्नाला वाजंत्री मिळणार नाही. फिर्याद होईल, ॲट्रॉसिटी लागेल, ते चालूच राहील. पण गावाला कळू द्या, मुकं लग्न कसं असतं ते. डॉल्बी आणतील म्हणता? आणू द्यात. देवाला सनई लागते, नवरीच्या पाठवणीला क्लॅरिनेट लागतं, हे त्यांच्या बायका त्यांना सांगतील.

बलायांना १९२८ साली 'नाही' म्हटल्याबद्दल गाव सोडावं लागलं. ते एकटे पडले होते. आपण एकटे पडायचं की नाही हे आपल्या हातात आहे. पुढच्या रविवारी तालुक्यातल्या सगळ्या बँडमास्तरांची बैठक आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात घेतोय. ज्या पोरानं शिबिरात सवाल केला त्यालाही बोलावलंय. त्याचं अक्षर चांगलं आहे. अटींचा कागद त्यानं लिहायचा, सह्या आम्ही करू. ज्यांना सही येत नाही ते अंगठा उठवतील. पण कागद होईल.